हातातला मोबाईल आणि परमुलखाची भाषा

आमच्या नावापुढे 'चिनी भाषा' हे शब्द पाहून काही श्रोते बुचकळ्यात पडले असतील. ऊसतोडीच्या दराविषयी बोलणाऱ्या माणसाने चीनच्या भाषेच्या वाटेला का जावे, असे त्यांना वाटले तर त्यात गैर काही नाही. त्याचे उत्तर असे की, गेली काही वर्षे बीड जिल्ह्यातली माणसे आमच्याकडे दोन प्रकारचे कागद घेऊन येतात. एक कागद मुकादमाच्या उचलीचा असतो. तो वाचून दाखवण्यात आमचा जन्म गेला. दुसरा कागद परदेशातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशाचा असतो आणि तो इंग्रजीत असतो. बाप विचारतो, "भाऊ, ह्यात नेमकं काय लिहिलंय?" वरच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलेले असते की शिक्षण इंग्रजीतून होईल. खाली बारीक अक्षरांत असते की विद्यार्थ्याने चिनी भाषेची अमुक पातळी गाठली पाहिजे. प्रवेश मिळवून देणारा दलाल या बारीक अक्षरांवरून हात फिरवून सांगतो, "त्याचं काही नाही, मोबाईलवर अ‍ॅप आहे, पोरगं सहा महिन्यांत बोलायला लागतंय."

शेताचा तुकडा विकून पैसा उभा करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे वाक्य खरे की खोटे, हा लाखो रुपयांचा प्रश्न आहे. म्हणून तो आम्ही या व्यासपीठावर मांडावयाचे ठरवले. परमुलखात गेलेला विद्यार्थी तिथली भाषा मोबाईलवरून शिकावयास खरोखर राजी असतो काय? आणि राजी झाला तरी शिकतो काय? हे दोन प्रश्न एकच आहेत असे समजून चालणारे पुष्कळ आहेत. आमच्या मते ते दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि सगळा घोटाळा त्या दोहोंच्या मधल्या जागेत आहे.

प्रथम प्रश्नाचा आवाका पाहू. चिनी शिक्षण मंत्रालयाच्या मोजणीप्रमाणे २०१८ साली त्या देशात ४,९२,१८५ परदेशी विद्यार्थी होते. त्यांत दक्षिण कोरियाचे सर्वांत अधिक होते, त्याखालोखाल थायलंड, पाकिस्तान आणि भारत. भारताचे २३,१९८. कोरियाचे विद्यार्थी बहुधा भाषा आणि व्यापार शिकावयास जातात. आपले बहुतेक जातात ते डॉक्टर होण्यासाठी, कारण इथल्या सरकारी महाविद्यालयातील जागा मोजक्या आणि खाजगी महाविद्यालयाची फी मजुराच्या किंवा कोरडवाहू शेतकऱ्याच्या सात पिढ्यांना न परवडणारी. म्हणजे आपला विद्यार्थी चिनी भाषेसाठी चीनला जात नाही. ती भाषा त्याच्या वाटेत आडवी येते. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुढे सांगावयाच्या पुष्कळ गोष्टी त्यावर अवलंबून आहेत.

पूर्वी ही आडवी आलेली भाषा वळसा घालून टाळता येत असे. वर्गातील शिक्षण इंग्रजीतून, परीक्षा इंग्रजीतून, आणि शेवटचे वर्षभराचे प्रत्यक्ष काम अनेकजण भारतात येऊन करीत. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम काढले. अभ्यासक्रम किमान चोपन्न महिन्यांचा हवा, तो इंग्रजीतून हवा, आणि त्याशिवाय बारा महिन्यांची उमेदवारी त्याच परदेशी संस्थेत केलेली हवी. म्हणजे बारा महिने चिनी रुग्णालयाच्या वॉर्डात, चिनी रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहणे आले. सप्टेंबर २०२२ मध्ये पेइचिंगच्या भारतीय वकिलातीने इच्छुक विद्यार्थ्यांसाठी एक सूचनापत्र काढले. त्यात स्पष्ट लिहिले होते की रुग्ण चिनीखेरीज दुसरी भाषा बोलत नाहीत, तेव्हा प्रत्येकाने 'एच. एस. के.' नावाच्या परीक्षेची चौथी पातळी गाठावयास हवी, आणि न गाठणाऱ्याला पदवी मिळणार नाही. त्याच पत्रात असेही होते की २०१५ ते २०२१ या काळात चीनमध्ये शिकून आलेले ४०,४१७ विद्यार्थी भारतातल्या पात्रता परीक्षेला बसले आणि त्यांपैकी ६,३८७ उत्तीर्ण झाले. शंभरांत सोळा. हा आकडा आम्ही पालकांना मुद्दाम दोनदा वाचून दाखवतो. यात सगळा दोष भाषेचा आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु रुग्णाशी बोलता येत नसेल तर वॉर्डातले वर्ष म्हणजे भिंतीला टेकून उभे राहण्याचे वर्ष होते, आणि भिंतीकडून वैद्यक शिकता येत नाही.

चौथी पातळी म्हणजे काय? २०१० पासून चालत आलेल्या पद्धतीत तिला १,२०० शब्द लागतात. जुलै २०२१ पासून नवी मानके लागू झाली, त्यांत पातळ्या नऊ झाल्या आणि शब्दांची संख्याही वाढली. बाराशे शब्द ऐकावयास थोडे वाटतात. आपण बाजारात तासाभरात तेवढे बोलतो. पण चिनी शब्द मराठी शब्दासारखा नसतो.

त्या भाषेत शब्दाला सूर असतो. एकच उच्चार चार सुरांत चार शब्द होतो. आमच्या धंद्याला जवळचे उदाहरण देतो. 'थांग' हा उच्चार घ्या. सपाट वरच्या सुरात तो म्हटला तर रस्सा. खालून वर चढवला तर साखर. खाली बुडवून वर आणला तर आडवे होणे. वरून खाली आपटला तर चटका बसेल असे गरम. आता वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर म्हाताऱ्याला सांगू पाहतो, "आडवे व्हा," आणि सूर चुकल्यामुळे म्हाताऱ्याला ऐकू येते "साखर". साखरेवरूनच मधुमेहाचे चिनी नाव पडले आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'साखर-मूत्र-रोग'. तेव्हा म्हातारा घाबरला तर नवल नाही. 'मा' हा दुसरा उच्चार सर्व पुस्तकांत असतो. एका सुरात आई, एकात घोडा, एकात शिवीगाळ, आणि चढत्या सुरात ताग. पुस्तके इथेच थांबतात. परंतु चढत्या सुरातल्या त्याच 'मा'चा आणखी एक अर्थ बधिर होणे, मुंग्या येणे असा आहे. रुग्णालयात घोड्यापेक्षा हा अर्थ अधिक कामाचा, हे कोणीही कबूल करील.

लिपीचेही तसेच. वर्णमाला नाही, प्रत्येक अक्षर म्हणजे एक चित्रवजा खूण. चीन सरकारने १९८८ साली नित्याच्या वापरातील अक्षरांची यादी केली, ती ३,५०० अक्षरांची झाली. पण यात आंधळी घोकंपट्टीच आहे असे समजू नये. दुखणे, आजार, कर्करोग या अर्थांच्या अक्षरांना डाव्या बाजूने वरून पांघरूण घातल्यासारखी एकच खूण असते. ती ओळखली की, अक्षर नवे असले तरी 'हा दुखण्याचा प्रांत आहे' इतके कळते. जुन्या काळी पाटीलकीच्या कागदावर निरक्षर माणूस शिक्का ओळखून हा कागद कुठल्या कचेरीचा ते सांगत असे, तशातला हा प्रकार.

येथे एक गोष्ट आम्हाला अभिमानाने सांगावीशी वाटते, आणि ती कोणत्याही अ‍ॅपमध्ये आम्हाला आढळली नाही. १९५८ साली चीनने आपल्या उच्चारांसाठी रोमन अक्षरांची एक पद्धत ठरवली, तिला 'पिनयिन' म्हणतात. शाळकरी मुले आणि परदेशी माणसे तिच्या आधाराने वाचतात. पण ही रोमन अक्षरे इंग्रजीप्रमाणे वाचली की उच्चार फसतो. पिनयिनमधील 'बी' हा आपला 'ब' नाही, तो 'प' आहे, आणि 'पी' हा 'प'ला हकार जोडलेला आहे. 'डी' म्हणजे 'त', 'टी' म्हणजे 'थ', 'जी' म्हणजे 'क', 'के' म्हणजे 'ख'. इंग्रज माणसाला हा अल्पप्राण-महाप्राणाचा भेद कानाने पकडणे अवघड जाते. आपल्या मुलाला तो पहिलीच्या पाटीवरच शिकवलेला असतो. आणखी असे की, मराठीत 'च' दोन आहेत. 'चार' या आकड्यातला वेगळा आणि गुरांच्या 'चाऱ्या'तला वेगळा. हे दोन्ही 'च' चिनीत आहेत. तिसरा एक जीभ मागे वळवून म्हणावयाचा आहे, तेवढाच नव्याने शिकावा लागतो. म्हणजे बीडच्या मुलाचा कान या भाषेला अर्धा तयार आहे. परंतु बहुतेक अ‍ॅप त्याला इंग्रजीतून समजावतात, तेव्हा तो आपल्या घरचे सोने सोडून परक्याच्या दुकानात पितळ मागतो. चहा हा शब्द मुळात चिनी आहे आणि तो आपण रोज चार वेळा उच्चारतो, हेही त्याला कुणी सांगत नाही.

आता मोबाईल काय करू शकतो ते पाहू. त्याचे गुण नाकारणे हा अन्याय होईल. 'प्लेको' नावाचा एक कोश आहे. त्यात अक्षर बोटाने काढले किंवा कॅमेरा त्यावर धरला की उच्चार आणि अर्थ समोर येतो. पूर्वी चिनी कोशात शब्द शोधण्यासाठी आधी अक्षरातल्या रेघा मोजाव्या लागत आणि त्या मोजण्यातच संध्याकाळ होत असे. 'हॅलोचायनीज' आणि 'डुओलिंगो' यांसारखी अ‍ॅप धडे देतात. डुओलिंगोने चिनीचा पाठ २०१७ साली सुरू केला. काही अ‍ॅप आपला उच्चार ऐकून सूर बरोबर की चूक ते सांगतात. आणि 'अंकी'सारखी काही उजळणी घेतात. या उजळणीमागे जुने शास्त्र आहे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की पाठ केलेली गोष्ट माणूस प्रथम भराभर विसरतो आणि मग हळूहळू, आणि काही अंतराने पुन्हा उजळणी केली तर ती अधिक दिवस टिकते. अ‍ॅप याचा हिशेब ठेवते. जो शब्द चुकला तो उद्या विचारते, जो बरोबर आला तो चार दिवसांनी, नंतर पंधरा दिवसांनी. आपल्याकडे तिन्हीसांजेला दिवा लागला की परवचा म्हणत. मोबाईल हा परवचा म्हणवून घेणारा आजोबाच आहे, फक्त प्रत्येक नातवाला कुठला पाढा कच्चा आहे हे तो कधी विसरत नाही. पण आजोबा परवचा म्हटल्याशिवाय जेवायला वाढू देत नसत. मोबाईल तेवढे करू शकत नाही, आणि खरी अडचण तिथे आहे.

माणूस नवे साधन हाती का घेतो, याचा विचार करणारे एक शास्त्र गेल्या चाळीस वर्षांत तयार झाले आहे. १९८९ साली फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकाने कचेरीतील माणसे संगणक का स्वीकारतात ते तपासले आणि दोन कारणे मांडली. हे माझ्या कामाला येईल असे वाटणे हे एक, आणि हे वापरावयास सोपे आहे असे वाटणे हे दुसरे. दोहोंत पहिल्याचे वजन अधिक, असे त्याला आढळले. पुढे २००३ साली विश्वनाथ वेंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यात भर घातली. आजूबाजूची महत्त्वाची माणसे काय म्हणतात आणि साधन चालण्याजोगी सोय आहे की नाही, या दोन गोष्टीही त्यांनी हिशेबात धरल्या. चीनमधील परदेशी विद्यार्थ्यांना प्रश्नावल्या देऊन, 'तुम्ही चिनी शिकण्यासाठी अ‍ॅप वापरावयास राजी आहात काय' असे विचारणाऱ्या पाहण्या बहुतेक याच चौकटीत होतात.

या चौकटीबद्दल आम्हाला आदर आहे. परंतु चाळीस वर्षांची नसली तरी तीस वर्षांची आमचीही एक चौकट आहे. सभेत 'संपाला कोण कोण तयार आहे?' असे विचारले की सगळे हात वर होतात. दुसऱ्या दिवशी मोर्चाला किती पाय चालतात, ते वेगळे मोजावे लागते. हात वर करणारा खोटे बोलत नसतो. त्या घटकेला तो खरोखरच तयार असतो. पण रात्री घरी गेल्यावर उचल आठवते, लेकराचा ताप आठवतो, मुकादमाचा चेहरा आठवतो. प्रश्नावलीतला 'होय' हा वर केलेला हात आहे. विद्यार्थी अ‍ॅप उतरवून घेतो, पहिले आठ दिवस उत्साहाने घोकतो, मग शरीररचनेची परीक्षा येते, आणि अ‍ॅपवरचे ते चित्र इतर तीस चित्रांच्या गर्दीत पडून राहते. काही अ‍ॅप यावर उपाय म्हणून रोजच्या हजेरीची साखळी मोजतात, इतके दिवस खंड पडला नाही असे सांगतात. मग काही मुले साखळी तुटू नये म्हणून झोपताना दोन सोपी उत्तरे दाबतात. संघटनेची पावती दरवर्षी फाडणारे पण सभेला कधी न फिरकणारे सभासद आम्हाला ठाऊक आहेत. ती साखळी म्हणजे तशी पावती.

तर मग माणूस भाषा शिकतो तो कशाने? आमच्या डोळ्यांसमोर एक प्रचंड उदाहरण आहे आणि त्याकडे विद्वानांचे लक्ष सहसा जात नाही. दिवाळीच्या आगेमागे या जिल्ह्यातून लाखो माणसे कोयता घेऊन बाहेर पडतात. काही पश्चिम महाराष्ट्रात जातात, काही बेळगाव आणि बागलकोटच्या बाजूला कर्नाटकात. त्यांच्यात शाळेचे तोंड न पाहिलेले पुष्कळ असतात. तरी दोन-तीन हंगामांत टोळीतली माणसे कामापुरती कन्नड बोलू लागतात. कुठले शब्द आधी येतात ते पाहण्याजोगे आहे. 'नीरू' म्हणजे पाणी. 'कब्बु' म्हणजे ऊस. 'दुड्डु' म्हणजे पैसा. 'एष्टु' म्हणजे किती. आणि 'तूक' म्हणजे वजन, कारण मजुरी टनावर असते आणि काट्यावर काय बोलले जाते ते कळले नाही तर पोटावर मार बसतो. 'नमस्कार, माझे नाव अमुक, मला सहल आवडते' असा धडा या माणसांनी कधी घेतला नाही. बायका तर पुरुषांपेक्षा लवकर शिकतात, कारण कोपीसाठी पाणी, सरपण, लेकरासाठी औषध, हे गावात जाऊन मागावे लागते ते त्यांनाच.

डेव्हिसने 'कामाला येईल असे वाटणे' म्हटले ते हेच. फरक इतकाच की, ऊसतोड्याला ती गरज पहिल्या दिवशी भिडते आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ती चौथ्या वर्षी भिडते. पहिली तीन वर्षे वर्ग इंग्रजीतून, वसतिगृहात आपलीच मुले, स्वयंपाक आपलाच, रात्री गप्पा मराठीत नाहीतर हिंदीत. भाषा न शिकताही सगळे चालते. मग एकदम वॉर्ड समोर येतो. आणि तीन वर्षे ज्या अ‍ॅपने त्याला 'हा माझा मोठा भाऊ आहे', 'सफरचंदे गोड आहेत' असे शिकवले, ते अ‍ॅप 'कुठे दुखते, कधीपासून दुखते, कळ येते की ठणकते' हे विचारावयास उपयोगी पडत नाही. अ‍ॅप वाईट म्हणून नव्हे. ते सगळ्यांसाठी केलेले आहे, वॉर्डासाठी केलेले नाही.

वेंकटेश यांनी सांगितलेली 'सोय' हाही भाग थोडका नाही. चीनमध्ये गुगलच्या सेवा बंद आहेत, तेव्हा इथून नेलेल्या मोबाईलवरची निम्मी व्यवस्था तिथे लंगडी पडते. उलट २९ जून २०२० रोजी भारत सरकारने एकोणसाठ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत 'वुईचॅट' होते. चीनमध्ये निरोप, वर्गाच्या सूचना, पैशाचे व्यवहार सगळे त्यावर चालतात. त्या वर्षी महामारीमुळे आपली मुले घरी परतलेली होती. चीनने त्यांना पुन्हा व्हिसा द्यावयास सुरुवात केली ती ऑगस्ट २०२२ मध्ये. म्हणजे जवळजवळ अडीच वर्षे केजच्या किंवा पाटोद्याच्या घरी पत्र्याखाली बसून मुलांनी मोबाईलवर वैद्यक शिकले. चीनचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. तिथला सकाळी आठचा वर्ग म्हणजे इथले साडेपाच. घरातली माणसे अजून उठलेली नाहीत, वीज आहे की नाही याचा भरवसा नाही. या अडीच वर्षांत मोबाईलखेरीज दुसरे साधनच नव्हते. मोबाईलवरून भाषा शिकण्याचा याहून मोठा प्रयोग कोणी ठरवून केला नसता. त्या मुलांपैकी ज्यांच्याशी आम्ही बोललो, त्यांचे म्हणणे एकच पडले. अक्षरे ओळखता येऊ लागली, शब्द पाठ झाले, पण पहिल्या चिनी माणसासमोर उभे राहिल्यावर तोंड उघडेना. तोंड उघडणे हे दुसऱ्या माणसासमोरच शिकता येते.

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची हकिकत या संदर्भात सांगितलीच पाहिजे. जन्म १९१० चा, शिक्षण मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. सप्टेंबर १९३८ मध्ये ते मुंबईहून बोटीने निघाले. पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते, म्हणजे पाचांत दोन आपल्या बाजूचे. चीनमध्ये पाचांच्याही नावांना 'ह्वा' म्हणजे 'चीन' हे अक्षर जोडण्यात आले आणि कोटणीस 'क-दी-ह्वा' झाले. जाताना त्यांना चिनीचा गंध नव्हता. परंतु जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, चिनी विद्यार्थ्यांना चिनीतून शल्यक्रिया शिकवू लागले, आणि तिथल्याच परिचारिकांच्या शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते वारले, तेव्हा शल्यक्रियेचे क्रमिक पुस्तक चिनीत लिहिण्याचे काम हाती होते. व्ही. शांतारामांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, तो आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिला असेल.

या हकिकतीवरून 'पूर्वीची माणसे काय जिद्दीची होती' असा उसासा टाकण्याची पद्धत आहे. तो उसासा आम्हाला मान्य नाही. कोटणीस जिद्दीचे होतेच, पण त्यांच्याभोवतीची रचना पाहा. वसतिगृह नव्हते, चार मराठी मुले नव्हती. सकाळी उठल्यापासून जखमी शिपाई समोर, आणि त्याला काय होते आहे हे विचारल्यावाचून हात लावता येत नव्हता. चुकले तर हसून दुरुस्त करणारी माणसे चोवीस तास शेजारी होती. आजच्या विद्यार्थ्याला आपण वसतिगृहात भिंत घालून ठेवतो, आणि मग त्याच्या हातात अ‍ॅप देऊन म्हणतो की भिंतीपलीकडची भाषा शीक.

परक्या भाषेतून शिकणे आपल्या मराठवाड्याला नवे नाही. निजामाच्या राज्यात शाळेची आणि कचेरीची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, तिथे वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवत. सप्टेंबर १९४८ पर्यंत आमच्या वडिलांच्या पिढीची पाटी उर्दूची आणि घरचे बोलणे मराठी, असा संसार चालला. सक्ती होती, आणि सक्तीचा राग होता, तो योग्यच होता. पण त्या पिढीतला माणूस म्हातारपणीही अस्खलित उर्दू बोले. कारण मास्तर समोर असे आणि नोकरी त्यावर असे.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाहिले की हाच प्रश्न उलट बाजूने दिसतो. अखिल भारतीय कोट्यातून महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयांत परप्रांतीय मुले येतात. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात आरंभीच्या पायाभूत वर्गांत स्थानिक भाषेची ओळख ठेवली, ते उत्तम झाले. पण पुस्तकातली मराठी 'माझे पोट दुखत आहे' एवढी असते. आमची म्हातारी म्हणते, "पोटात मुरडा येतोय, चमक निघती, अंग मोडून आलंय, जीव घाबरा व्हायलाय." यातला प्रत्येक शब्द वेगळ्या आजाराकडे बोट दाखवतो, आणि कुठल्याही अ‍ॅपमध्ये तो या अर्थाने सापडावयाचा नाही. चीनमध्येही तेच. अ‍ॅप शिकवते ती प्रमाण भाषा. सच्वानमधला खेड्यातला म्हातारा आपल्या बोलीतच कण्हतो.

आता जबाबदारीविषयी थोडे स्पष्ट बोलतो. कारखान्यात नवे यंत्र आले की मालक म्हणतो, कामगाराची सोय झाली. काही दिवसांनी कळते की दोघांचे काम आता एकाकडे आले आहे. अ‍ॅपचे असे होऊ नये. जी संस्था वर्षाला एवढी फी घेते तिने भाषेचे शिक्षक, लहान वर्ग आणि पहिल्या वर्षापासून रुग्णाशी गाठ घालून दिली पाहिजे. 'अ‍ॅप आहे ना' हे शिक्षकाच्या जागी दिलेले उत्तर असेल तर ते आम्ही स्वीकारू नये. म्हणून कागद घेऊन येणाऱ्या बापाला आम्ही विचारावयास सांगतो की, चिनीचे आठवड्याला किती तास, वर्गात किती मुले, शिकवणार कोण, आणि चौथी पातळी न गाठलेल्या मुलाचे गेल्या वर्षी काय झाले. दलालाला या चारांपैकी एकाचेही उत्तर लेखी देता येत नसेल तर शेत विकण्याची घाई करू नये.

आणि जे जाणारच आहेत त्यांच्यासाठी इथे करता येण्याजोगे एक काम आहे. मुलगा एकटा मोबाईल घेऊन बसला की तो पंधरा दिवसांत थकतो. पाच-सहा मुले एकत्र बसली, तिथून शिकून आलेला एक डॉक्टर मुलगा किंवा मुलगी आठवड्यातून तीन संध्याकाळी त्यांच्यासमोर बसली, मोबाईल मध्ये ठेवला आणि प्रत्येकाने मोठ्याने म्हणून दाखवले, तर तीच अ‍ॅप कामाला येतात. कोणी गैरहजर राहिला तर दुसरा त्याला बोलावून आणतो. टोळी अशीच चालते. वाचनालयाची खोली संध्याकाळी रिकामी असते, ती मागितली तर मिळेल. त्यासाठी देवनागरी उच्चारांसह एक छोटी वही करावयास आम्ही दोन तरुण डॉक्टरांना सांगितले आहे. प्रत्येक शब्दापुढे सुराची खूण, सपाट, चढती, बुडती आणि आपटती. अभिवादनाचे धडे तिच्यात शेवटी ठेवले आहेत. पहिल्या पानावर तीनच शब्द आहेत : 'नार' म्हणजे कुठे, 'थंग' म्हणजे दुखणे, आणि बुडत्या सुरातला 'थांग', म्हणजे आडवे व्हा.